पुस्तकबांधणी करणाऱ्या मामांचा विश्रांतीचा दिवस

मामा पुस्तकबांधणी करीत. घराच्या पुढच्या खोलीत खळीचा आणि कातड्याचा वास सदैव असे. तो आठवला की मामांचे घर आजही जवळ येते. त्यांच्या छातीत धडधडू लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दिवसभर ठोके नोंदवणारे यंत्र त्यांच्या अंगावर लावून दिले. मामींनी बजावले, “आज कामाला हात लावायचा नाही.” मामांनी मुकाट्याने मान डोलावली.

संगणकाने ती नोंद तपासून निष्कर्ष काढला, की दुपारी हृदय भलत्याच वेगाने धावले होते. तसे असल्यास छातीत ठोके ताळ्यावर आणणारे उपकरण बसवावे लागणार होते. मामींचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई मात्र मूळ रेघा न्याहाळत राहिल्या. त्या वेगवान रेघांच्या गर्दीत त्यांना नेहमीचे संथ ठोकेही दिसत होते.

“त्या वेळी हात सारखा हलत होता का? हाताच्या हिसक्यांनीही अशा खोट्या रेघा उमटतात.”

“छे, आडवा पडलो होतो.”

“खरं सांगा. उपकरणाचं त्यावरच ठरणार आहे.”

मामा मामींकडे वळले. “तू शेजारी गेली होतीस ना, तेव्हा पुस्तकाच्या कडा घासल्या. एकाच.”

“एकाच पुस्तकाला अख्खी दुपार?”

“जाड होतं गं.”

खात्रीसाठी यंत्र पुन्हा लावले, त्या दिवशी मामी स्वतः पुढच्या खोलीत येऊन बसल्या. नोंद निर्दोष निघाली आणि उपकरण टळले. एवढ्या वर्षांच्या संसारात ती दोघे रिकाम्या हातांनी समोरासमोर बसून गप्पा मारताना मी तेव्हाच पाहिली.