तिसऱ्या मजल्यावरच्या रॉकेटकाकू

बहरीनमधल्या मुहर्रकच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली की अंतराळ सुरू व्हायचं. काकूंच्या दाराआडून एक खोल, घुमणारा सूर यायचा आणि त्यावर मण्यांची माळ तुटल्यासारखे बारीक सूर टपटपायचे. नवा भाडेकरू हमखास वॉचमनकडे तक्रार करायचा, "किसीका एसी खराब हो गया है." ती होती सत्तरच्या दशकातली एक जर्मन रेकॉर्ड. गाणं नाही, तबला नाही, नुसते सिंथेसायझर. अख्खी एक बाजू म्हणजे एकच लांबलचक तुकडा. बिल्डिंगमधल्या मुलांनी त्यांचं नाव ठेवलं रॉकेटकाकू, आणि काकूंनीही ते नाव मिरवलं.

काकू मूळच्या सांगलीच्या, इथे एका क्लिनिकच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांचं रक्त तपासून घरी आल्या की आधी रेकॉर्ड लावायच्या, मग हातपाय धुवायच्या. काका म्हणायचे, "लोकांच्या घरी तिन्हीसांजेला शुभंकरोती, आमच्याकडे उड्डाण!" पण आवाज कमी कर, असं त्यांनी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

एकदा मी विचारलं, "काकू, यात तुम्हाला सापडतं तरी काय?"

"अगं, लग्न होऊन इथे आले तेव्हा अरबी येत नव्हतं, इंग्रजी धड नव्हतं, हिंदीसुद्धा सांगलीचं. बाब अल बहरीनच्या बाजारात एका दुकानात ही वाजत होती. वाटलं, चला, या गावात एक तरी गोष्ट अशी आहे की जी कुणालाच माझ्यापेक्षा जास्त कळत नाही." आणि खळखळून हसल्या.

माझी इरा तेव्हा लहान होती. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरचा रिवाज. आदल्या गणपतीत कवितेची पहिली ओळ म्हणून ती रडतच स्टेजवरून उतरली होती. पुन्हा स्टेजचं नाव काढू देईना. काकूंना हे कळलं, तेव्हा त्यांनी मंडळाच्या बैठकीत जाहीर करून टाकलं, "यंदा पोरं ग्रहमाला करतील. माझ्या रेकॉर्डवर."

अध्यक्ष हादरले. "अहो, पण त्यात शब्दच नाहीत!"

"शब्द असले तरी आपल्या पोरांना कुठे कळतात? यल्ला, तालमीला लागू या."

बोलायचं नाही म्हटल्यावर इरा तयार झाली. कमरेला पुठ्ठ्याचं कडं बांधून ती शनी झाली. कार्यक्रमात मध्येच सूर विरत विरत पार नाहीसा झाला. संपलं समजून लोकांनी टाळ्या सुरू केल्या आणि बाकीचे ग्रह गोंधळून विंगेत पळाले. स्टेजवर एकटी इरा. तिने मात्र ओठांवर बोट ठेवून अख्ख्या सभागृहाला गप्प केलं. तो खोल सूर परत उगवला, तशी ती संथपणे फिरू लागली. एकेक ग्रह हळूच परत आला. पहिल्या रांगेतून काकू ओरडल्या, "शाबास, शनी!"

काका रिटायर झाले आणि दोघं सांगलीला परतायला निघाली. काकूंनी कुंड्या, कुकर, मिक्सर, सगळं वाटून टाकलं. इराने रेकॉर्ड छातीशी धरली आणि चक्क मराठीत म्हणाली, "काकू, ही मला द्या ना."

"मुळीच नाही. ही माझी आहे. तू तुझी शोध."

इरा फुगली, एअरपोर्टवरसुद्धा नीट बोलली नाही. पण पुढे तिने लॅपटॉपवर सूर जुळवायला घेतले. आता जे जमेल ते सांगलीला पाठवते. परवा एक तुकडा पाठवला, तर काकूंचा व्हॉइस मेसेज आला, "छान आहे गं. पण इतक्यात संपवलंस कशाला? मी आत्ता कुठे डोळे मिटले होते."

मी जेवायला हाक मारली, तर खोलीतून उत्तर आलं, "आई, थांब ना. अजून लांब करायचंय."