कमलाबाईंचा डावा खांदा

नूपुर तावडेशी कुणी वाकडं घेऊ नये. लालबागच्या त्यांच्या चाळीत हे सगळ्यांना पाठ आहे. बाई तशी मनमिळाऊ, कुणाकडे आजारपण निघालं तर डबा घेऊन हजर. पण एकदा तिनं डूख धरला की संपलं! आणि प्रफुल्ल दळवीवरचा डूख तर तिनं पंधरा वर्षं दूधतूप घालून पोसला.

कारण काय, तर एक जाकीट. नूपुरची आई कमलाबाई परळच्या एका प्रसूतिगृहात नर्स होत्या. तिथं फ्रेनी कासाद नावाची पारशी बाई बाळंतपणाला आली. ग्रँट रोडला राहायची, कपडे बेतायची. पुढं तिचं एवढं नाव झालं की बड्या घरच्या बायका तिच्या दारात ताटकळत बसायच्या. तर तेव्हा तिचं बाळंतपण अडलं, बाईचं काही खरं नव्हतं, आणि कमलाबाई तिच्या उशापासून हलल्या नाहीत. बरी झाल्यावर फ्रेनीबाईंनी त्यांना घरी बोलावलं, मापं घेतली, आणि गर्द जांभळ्या रेशमाचं लांब जाकीट स्वतःच्या हातानं शिवून दिलं. आत नावाची पट्टी नाही. "लेबल गिऱ्हाइकाला," म्हणाल्या, "तू तर माझी बेन." कमलाबाईंनी ते जाकीट चाळीतल्या प्रत्येक लग्नात साडीवर मिरवलं आणि ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली. लोक कंटाळायचे, तरी ऐकायचे.

मग गिरगावात एक प्रदर्शन भरलं. जुने नामांकित कपडे मांडलेले, आणि घरचा कपडा कुणी आणलाच तर तो खरा की नकली हे सांगायला प्रफुल्ल दळवी बसलेला. कमलाबाई मोठ्या हौसेनं जाकीट घेऊन गेल्या, त्यालाही ती गोष्ट सांगितली, नूपुरही सोबत होती. प्रफुल्लनं ते उलटंसुलटं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, फ्रेनी कासाद लेबल लावल्याशिवाय कपडा बाहेर काढत नाही. ही चक्क नक्कल आहे. अहो, खांदेसुद्धा धड सारखे नाहीत! त्या बाईनं कुठल्या तरी शिंप्याचं बिघडलेलं जाकीट तुमच्या गळ्यात मारलं, झालं."

लोक हसले. कमलाबाईंच्या कानशिलापर्यंत लाली चढली. "टाकून द्या इथंच," एवढंच म्हणून त्या तडक बाहेर पडल्या.

दोन-तीन दिवसांनी नूपुर जाकीट परत मागायला गेली, तर प्रफुल्ल म्हणाला, "ते? ते गेलं कचऱ्यात." त्याच्या डोळ्यांकडे बघूनच तिला कळलं की हा माणूस खोटं बोलतोय. पण हातात पुरावा काय? काही नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर नूपुरनं कदाचित सोडूनही दिलं असतं. पण तिनं किती समजावलं तरी कमलाबाईंनी त्या जाणकार माणसाचाच शब्द खरा मानला. पतेतीला फ्रेनीबाईंचा फोन यायचा, तर त्या लांबूनच हात हलवायच्या, "सांग, घरात नाही." एकदा फ्रेनीबाई स्वतः दोन जिने चढून आल्या, तर ह्या शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या. फ्रेनीबाई गेल्याचं पेपरात आलं, तरी घराबाहेर पडल्या नाहीत. आणि लग्नांतून ती गोष्ट सांगणंही बंद झालं.

नूपुर विमा कंपनीत नोकरीला होती. शनिवार-रविवारी ती माझगावात फ्रेनीबाईंच्या जुन्या कारागिरांकडे जाऊन बसायला लागली. शिवणीत माया किती सोडायची, काज हातानं कसं भरायचं, कुठल्या काळात चेन पितळेची आणि कुठल्या काळात प्लास्टिकची, सगळं डोक्यात भरलं. बिनलेबलाचा कपडा उसवून बघायचा तर कुठून, आणि न उसवता नुसत्या बोटांनी कसा वाचायचा, तेही. हळूहळू लोक तिच्याकडे कपडे घेऊन यायला लागले. "काय आवड आहे हो तुम्हाला!" म्हणायचे. आवड कसली डोंबलाची! रागानं शिकली ती.

गेल्या ऑक्टोबरात माटुंग्याच्या श्रेयानं तिला फोटो पाठवले. श्रेया पैसेवाली, परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात फ्रेनी कासादच्या कपड्यांचं दालन उघडणार होती. बिनलेबलाचं एक जाकीट विकत घ्यायचं होतं, त्याआधी नूपुरचं मत हवं होतं. गर्द जांभळं रेशीम. डावा खांदा उतरता. विकणारा प्रफुल्ल दळवी. नूपुरला घाम फुटला, आणि मग हसू फुटलं.

"प्रफुल्लरावांनाही बोलवा," तिनं श्रेयाला कळवलं. "त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला."

ठरल्या दिवशी तिनं आईला दालनाच्या बाहेरच खुर्चीवर बसवलं आणि एकटी आत गेली. प्रफुल्ल आला होता. धंद्यातली एक कटकटी बाई, एवढीच त्याला नूपुरची ओळख. गिरगावातली ती मायलेक त्याला आठवतही नव्हती. नूपुरला त्याचाच जास्त संताप आला. पण आवाज साखरेसारखा करून ती म्हणाली, "सांगा ना, हे फ्रेनीबाईंचंच कशावरून?"

झालं, गडी खुलला. "आतल्या शिवणींवर रेशमाची पट्टी बघा, ही फक्त त्यांची. काजं हातची. लेबल नाही, कारण जवळच्या माणसांना त्या लेबल लावत नसत. हे तर कुठलंही शेंबडं पोर सांगेल."

"आणि हा खांदा?"

"ती मुद्दाम केलेली गंमत. असिमेट्री."

"आणि आत छातीपाशी हा छोटासा फास?"

"ब्रोचसाठी असावा."

"म्हणजे शंभर टक्के खरं?"

"शंभर टक्के. मान कापून देईन!"

"थांबा हं," म्हणत नूपुरनं दार उघडलं. "आई, ये गं."

कमलाबाई आत आल्या. ब्याऐंशी वर्षांची सुकलेली बाई, लहानपणी गावी फणसावरून पडून डावा खांदा कायमचा खाली आलेला. नूपुरनं जाकीट त्यांच्या अंगावर चढवलं. अंगात ते आता ढगळ झालं होतं. पण डावा खांदा? सुरकुतीसुद्धा पडली नाही हो! कमलाबाईंचं बोट आपसूक आत गेलं आणि त्या फासात अडकलं. "माझं घड्याळ," त्या पुटपुटल्या. "घड्याळ अडकवायला केलेला गो हा तिनं. नर्सचं घड्याळ."

प्रफुल्लचा चेहरा पांढराफटक पडला. आत्ता आठवलं त्याला.

"गिरगावात तुम्ही ह्याला नक्कल म्हणालात," नूपुर म्हणाली. "मग कचऱ्यात टाकलं म्हणालात. बोला आता. तेव्हा तुम्हाला कळत नव्हतं, की तेव्हा तुम्ही चोर होतात?"

श्रेया त्याच्याकडे टक लावून बघत होती. प्रफुल्लनं ओठ ओले केले. "तेव्हा... तेव्हा मला एवढी पारख नव्हती."

"पण माझ्या दालनातले निम्मे कपडे तुम्ही तेव्हाच पारखलेत," श्रेया हळूच म्हणाली. "तुमच्या शब्दावर घेतलेत मी. आजपासून तुमचा शब्द मला नको. आणि हे मी सगळ्यांना सांगणार."

नूपुरला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं! पडला एकदाचा तोंडावर मेला.

प्रफुल्ल कमलाबाईंच्या पायाशी वाकला. "मावशी, माफ करा." त्यांनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया पडून काय होतंय? जिच्या पडायचं ती गेली." आणि जाकीट न काढताच त्या दाराकडे निघाल्या. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

टॅक्सीत उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. नूपुर म्हणाली, "आई, काढ आता ते. घामानं भिजलीस."

"राहू दे." कमलाबाईंनी जाकिटाची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. "जिने चढून आली होती गो ती. दम लागला होता तिला, भिंतीपलीकडून ऐकत होते मी. आणि बाहेर नाही आले."

नूपुर आईची पाठ चोळत राहिली. प्रफुल्ल दळवीला आपण फारच स्वस्तात सोडलं, असं तिला वाटलं.