तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडची हौस काही औरच. आडनाव बदलतं, बापाचं नाव जाऊन मधे नवऱ्याचं येतं, तेवढ्यानं कोणाचं समाधान होत नाही. बारशाला ठेवलेलं तिचं स्वतःचं नावही काढून घ्यायचं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आणि नवरीनं मान खाली घालून लाजायचं. विजया खर्डेकर अशीच लाजली आणि गिरिजा इनामदार झाली. खोटं कशाला बोला, तिला ते नाव आवडलंही होतं.

तिच्या वडिलांना, अण्णासाहेबांना, मात्र आवडलं नव्हतं. केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म फायली सांभाळलेला माणूस तो. मांडवातच म्हणाले, "चांगलं नाव आहे, बदलायचं कशाला?" बायकोनं डोळे वटारले तेव्हा गप्प बसले, पण लेकीला त्यांनी विजू सोडून दुसरी हाक कधी मारली नाही. जावयाला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "बदललंच आहे, तर गॅझेटमध्ये तरी देऊन टाका." जावई, विश्वजित, स्वभावानं गोड. म्हणाला, "बिल्कुल, देऊ या की बाबा." त्या देऊ याला तीस वर्षं होत आली.

आणि अडत तरी कुठे होतं? गिरिजानं गाझियाबादला संसार मांडला, एका शाळेत लहान मुलांना शिकवायला लागली. शाळेनं जुन्या सर्टिफिकेटांवरचं नाव वेगळं का, असं विचारलं, तर कोर्टाबाहेर बसलेल्या वकिलाकडून ॲफिडेव्हिट करून दिलं. ते गेलं शाळेच्या कपाटात, आणि इनामदार मॅडम निर्धास्त झाल्या. आई गेल्यावर वडील दिल्लीत एकटे पडले, हिंदूराव हॉस्पिटलच्या चढाखाली, दोन खोल्यांत. दर रविवारी ती डबा घेऊन मेट्रोनं जायची. "तुझ्या आईसारखी आमटी जमत नाही तुला," म्हणत म्हातारा वाटी चाटूनपुसून संपवायचा. दिल्ली कुठे संपते आणि उत्तर प्रदेश कुठे सुरू होतो, हे त्या इतक्या वर्षांत तिला कधी बघावंसंही वाटलं नाही. बघण्यासारखं होतंच काय तिथे?

मग तो दोन हजार वीसचा उन्हाळा आला. आधी सगळंच बंद झालं, आणि थोडं उघडतंय म्हणेपर्यंत एके दिवशी संध्याकाळी बातमी आली की उद्यापासून सीमा सील. रात्रीत बॅरिकेड्स लागले. ज्यांची भाकरी एका राज्यात आणि अंथरूण दुसऱ्या राज्यात, त्यांनी करायचं काय, याचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही.

नेमके त्याच आठवड्यात अण्णासाहेब न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सुधन्वा, विद्यापीठात शिकवणारा मुलगा, त्यानं त्यांना जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेऊन घातलं. करोना नाही असा रिपोर्ट आला, जिवात जीव आला. पण डॉक्टरांचा फोन आला तो वेगळाच. "मॅडम, पेशंट खात नाहीत. अशक्तपणा वाढला तर ऑपरेशन करता येणार नाही. घरचं एक माणूस राहू शकतं, तुम्ही या." नर्सनं फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला. तिकडून खरखरीत आवाज आला, "विजू, हे लोक मीठ नसलेली खिचडी देतात. तू ये, मग जेवतो." हट्टीपणात खर्डेकरांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, दोन घास खा, मी येतेच आहे."

येतेच आहे म्हणणं सोपं होतं. लेक अर्पिता लॅपटॉप घेऊन बसली. सीमा ओलांडायचा पास मिळत होता, पण आई, वडील, नवरा, बायको, मूल यांच्या आजारपणासाठीच, आणि नात्याचा पुरावा जोडून. "आई, रिलेशन प्रूफ मागतायत," अर्पिता म्हणाली. आधार कार्डावर गिरिजा विश्वजित इनामदार. वडिलांचं नाव कुठेच नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवर विजया, वडील अण्णासाहेब खर्डेकर. तिनं दोन्ही जोडली. अर्ज फेटाळला. पुन्हा भरला, पुन्हा फेटाळला. ॲफिडेव्हिट शाळेच्या कपाटात, शाळेला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे त्या प्रिन्सिपल बाई माहेरी अडकलेल्या.

"डायरेक्ट जाऊन बोलू या, यार. माणसंच आहेत ती," विश्वजित म्हणाला. गिरिजानं डब्यात आमटी-भात भरला, कपाट उलथंपालथं करून लग्नाची पत्रिका शोधून काढली आणि जुन्या मारुतीत जाऊन बसली. पत्रिकेवर दोन्ही घरांची नावं छापलेली. याहून मोठा पुरावा काय हवा, असं तिला मनापासून वाटलं.

दिल्लीच्या सीमेवर, यूपी गेटला, गाड्यांची रांग आणि टळटळीत ऊन. मास्क हनुवटीवर ओढलेल्या हवालदारानं कागद घेतले. माणूस वाईट नव्हता. पत्रिका त्यानं अक्षर न अक्षर वाचली. मग आधार कार्ड वाचलं. मग पुन्हा पत्रिका.

"इसमें तो विजया लिखा है."

"विजया मैं ही हूँ."

"और गिरिजा?"

"वो भी मैं हूँ. हमारे में शादी के बाद लड़की का नाम बदल देते हैं."

"सरनेम बदलता है, मैडम. नाम कौन बदलता है?" तो विश्वजितकडे वळला, आणि थोडा अवघडून, हळू आवाजात विचारलं, "भाईसाहब, इस शादी के कार्ड वाली विजया कहाँ गई? ये आपकी दूसरी शादी है?"

तांदळात गिरिजा हे नाव विश्वजितनंच लिहिलं होतं, आईच्या आवडीचं म्हणून. मागे हॉर्न सुरू झाले. गिरिजानं हात जोडले. नोकरीत कधी कोणापुढे मान न वाकवलेली बाई, हात जोडून म्हणाली, "भैया, मेरे पिताजी भूखे बैठे हैं." हवालदारानं नजर वळवली. "कल ऐसे ही एक को जाने दिया था, मुझे सुनना पड़ा. पास बनवा लीजिए." गाडी वळवावी लागली.

परतताना ती विश्वजितला एकच वाक्य बोलली. "तुला एक गॅझेट जमलं नाही." पण खरं सांगायचं तर राग तिला त्याचा जेवढा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. नाव तिचं होतं. ते घालवताना ती लाजली होती.

संध्याकाळी नर्सच्या फोनवर वडील म्हणाले, "निघालीस का?"

"निघालेय बाबा. वाटेतच आहे."

"बरं. मग थांबतो."

काय करावं माणसानं अशा वेळी? सीमेवर मला तुमची मुलगी मानत नाहीत, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिला वाटलं, आशेवर तरी दोन घास पोटात जातील. झालं उलटंच. लेक वाटेत आहे म्हटल्यावर म्हाताऱ्यानं खिचडीची ताटली परत पाठवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिनं पुन्हा अर्ज भरला, आमदाराच्या ऑफिसला फोन केला, ओळखीच्यांच्या ओळखी काढल्या. आणि वडिलांनी विचारलं की तेच उत्तर, वाटेत आहे. डॉक्टरांनी सलाईन लावलं. ऑपरेशन पुढे ढकललं, आणखी पुढे ढकललं. मग एका सकाळी सुधन्वाचा फोन आला. "काकू," एवढंच म्हणाला आणि थांबला.

अग्नी सुधन्वानंच दिला. अर्पितानं मोबाईल धरला होता, चित्र मधेच अडकायचं. गिरिजा नर्सला विचारत राहिली, शेवटी काही म्हणाले का. नर्स भली होती, सांगावं की नाही या विचारात पडली. मग म्हणाली, "पूछ रहे थे, अभी तक रास्ते में ही है क्या?"

गिरिजा भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडली. नवऱ्यानं पाठीवर हात ठेवला, तो तिनं काढून टाकला.

पुढे सीमा उघडली. कधी उघडली, कोणी उघडली, तिला पत्ताही नव्हता. वडिलांच्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या म्हणून दोघं निघाली. यूपी गेटला बॅरिकेड्स कडेला सारून ठेवलेले, आणि कोणीतरी नवाच हवालदार सावलीला उभा राहून सगळ्यांना हातानंच पुढे जा म्हणत होता. गिरिजानं गाडी थांबवायला लावली. काच खाली केली.

"मेरे पिताजी से मिलने जाना है," ती म्हणाली.

"तो जाइए ना, माताजी. कौन रोक रहा है?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मागचे हॉर्न वाजवू लागले, तेव्हा विश्वजितनं गाडी पुढे घेतली.