न बुडणारी घटका

आमच्या जामखेडकडच्या लग्नांत पत्रिकेतला मुहूर्त आणि प्रत्यक्ष अक्षता यांची सहसा गाठ पडत नाही. मधे सत्कार असतात, माईक असतो. पण यंदा भाचीच्या लग्नात उशीर चालणार नव्हता. तिचे आजोबा, म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे, दवाखान्यातून दुपारपुरते आले होते. नातीवर अक्षता टाकायच्या आणि लगेच परतायचं, या बोलीवर डॉक्टरांनी सोडलेलं. मांडवाबाहेर जीप उभी.

तेव्हा मी, नवरीचा मामा आणि घरातला स्वयंघोषित विद्वान, तोडगा काढला. लग्न घटिकापात्रावर लावायचं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. बुडाली रे बुडाली की अंतरपाट धरायचा, मग माईकवर कोणी का असेना. पाण्यापुढे पुढाऱ्याचं काय चालणार?

जुन्या भांड्यांतून तसली वाटी शोधली, चिंचेनं घासून लखलखीत केली. बहीण म्हणाली, नुसती कशी सोडतोस, पूजा कर. मी हळदकुंकू तेलात कालवलं आणि वाटीला आतून-बाहेरून सढळ हातानं थापलं.

गुरुजींनी वाटी पाण्यात सोडली. आजोबांची खुर्ची घंगाळाशेजारीच होती, कारण पंखा तिथं होता. त्यांचा वेळ जावा म्हणून मी सांगत बसलो, की दिवसाच्या साठ घटका आपल्या, आणि तासाच्या साठ मिनिटांचं मूळ पार बाबिलोनात. साठाचे कसेही वाटे पडतात, म्हणून त्या लोकांचा तो लाडका आकडा. आजोबा मान डोलावत होते. वाटी बदकासारखी तरंगत होती.

गुरुजींनी मोबाईल पाहिला. म्हणाले, घटका मघाशीच व्हायला हवी होती. मी हसून सांगितलं, मोबाईल चुकेल, पाणी चुकत नाही. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. आजोबांच्या कपाळावर घाम आला होता, डोळे मिटू लागले होते. भाची बोहल्यावरून त्यांच्याकडेच बघत होती.

दाजींनी मला बाजूला घेतलं. "तुमचं पाणी आमच्या म्हाताऱ्यापरीस मोठं हाय का?"

आता बुडेलच, एवढंच पुटपुटलो.

आजोबांनी डोळे उघडले. "पाव्हणं, माझी घटका भरायच्या आत हिची भरंल का?" असं म्हणत ते घंगाळावर वाकले. वाटी टण्‌ करून तळाला बसली.

"बुडली," ते म्हणाले. "धरा अंतरपाट."

गुरुजींनी त्यांची ओली बाही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घसा खाकरून मंगलाष्टकं सुरू केली. मी नवरीमागे उभा होतो. आजोबांनी खुर्चीतून टाकलेल्या अक्षता तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. शेवटी भाची खाली उतरून त्यांच्यापुढे वाकली, आणि मुठीत उरलेल्या त्यांनी तिच्या केसांत ठेवल्या. मग जीप गेली.

पंगती बसल्यावर मी वाटी उजेडात धरली. भोक दिसेना. हळदकुंकवानं ते पक्कं लिंपलं होतं. बहिणीनं माझ्या हातावर टाचणी ठेवली.

संध्याकाळी माफी मागायला दवाखान्यात गेलो, तर आजोबा उशाला टेकून नर्सबाईंना सांगत होते, "दिसाच्या साठ घटका असत्यात, बाई. त्यातली एक आमच्या पाव्हण्याची. ती अजून तरंगतीय."