मीटरमास्तर आणि हिप्परग्याची होडी

कुठलाही आकडा तीनदा सारखा आल्याशिवाय मीटरमास्तर तो मानत नसत. माझ्या लग्नाची तारीखसुद्धा त्यांनी मला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारली होती, आणि तिसऱ्या खेपेला समाधानाने मान हलवून म्हणाले होते, "मग बरोबर हाय."

सोलापूरच्या एका गिरणीत ते मागांवरची मीटरं सांभाळत. मागावर किती कापड विणलं गेलं हे दाखवणारी ती पितळी मीटरं, बोटाएवढ्या दातेरी चाकांची. घरात तेलुगू, गिरणीत मराठी, आणि मीटर उघडून बसले की कुठलीच भाषा नाही. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवत असावं.

दुष्काळ संपून पुन्हा पाणी आलं, त्यानंतरची ही गोष्ट आहे. हिप्परग्याच्या तलावात गाळ किती साठलाय हे मोजायचं काम आमच्या पाटबंधारे कचेरीकडे आलं. मी नुकताच लागलेला ओव्हरसियर, नोकरी अजून कायम व्हायची होती. कोकणातून ट्रकवर घालून आणलेली एक शिडाची होडी मला मिळाली आणि ती चालवायला तलावाकाठच्या गावातला नागू. खोली मोजायला शिशाचं वजन बांधलेली दोरी. वेग मोजायचा म्हणजे होडीच्या नाकाशी लाकडाची ढलपी टाकायची आणि ती शेपटाशी येईपर्यंत घड्याळ बघायचं. वेग कळला की काठापासून किती अंतर आलो ते कळणार, आणि त्या जागी दोरी सोडून खोली लिहायची. दोन महिने आम्ही असं मोजलं. मी आकडे वर पाठवत होतो, पण एकाच जागेची खोली दोन दिवशी दोन येई. मुंबईकडे यंत्र मागितलं होतं, ते कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. शेवटी एका मित्राने मास्तरांचं नाव सुचवलं.

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी ते सायकलवर तलावावर आले. होडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोरी मागितली, काठावर ताणून मोजली, मग बादलीत भिजवून पुन्हा मोजली. असं तीनदा.

"भिजली की आखडती ही," ते म्हणाले. "खुणा जवळ येत्यात. तुमी लिवताय त्यापेक्षा तळं उथळ हाय, साहेब."

पुढच्या तीन सुट्ट्यांत त्यांनी होडीचं रूप पालटलं. दोरी गेली, बारीक पोलादी तार आली. तार एका लाकडी रिळावर गुंडाळलेली, रिळाला मागाचं जुनं मीटर. एक फेरा म्हणजे एक फूट. वेगासाठी पत्र्याचा छोटा पंखा होडीच्या शेपटाशी पाण्यात सोडला आणि स्कूटरच्या वेगाच्या काट्याला असते तसली केबल लावून दुसऱ्या मीटरला जोडला. पंख्यात शेवाळ अडकू नये म्हणून त्याला जाळीची टोपी. हे सगळं त्यांनी काठावर बसून केलं. होडीत पाय ठेवला नाही, कारण पाण्याची त्यांना विलक्षण भीती होती. घंगाळात वाकूनसुद्धा तोंड धुवत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

पण पंखा तपासायचा तर काठावर दोन बांबू रोवून त्यांच्यामधलं अंतर होडीने कापायचं आणि मीटर वाचायचं. मी वाचून ओरडून सांगत होतो. मास्तर काठावरून मान हलवत होते, आडवी. दुसऱ्याच्या तोंडचा आकडा त्यांच्या पचनी पडेना. शेवटी त्यांनी धोतर खोचलं, लॉरीची हवा भरलेली ट्यूब कमरेला चढवली आणि डोळे मिटून होडीत बसले.

"मास्तर, पान्याकडं बगू नगा," नागू म्हणाला. "काट्याकडं बगा."

सहा फेऱ्या झाल्या, तीन जाताना, तीन येताना. मास्तरांचा एक हात होडीच्या काठाला असा चिकटला होता की उतरताना नागूने एकेक बोट सोडवलं. पण आकडे जुळले होते. "आता लिवा," ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता आणि त्यावर हसू होतं.

नव्या तारेने तलाव उथळ निघाला. दोन महिन्यांचे आकडे चुकीचे होते, आणि ते पाठवणारा मी होतो. कचेरीत माझ्या साहेबांसमोर उभं राहून मी ते सांगितलं. त्यांनी जुने कागद पुढ्यात ओढून चाळले. मग म्हणाले, "लेखी द्या. आणि आता हे तरी शेवटचं असू दे." मी लेखी दिलं. चार रात्री झोप धड लागली नाही, पण वाटलं होतं त्यापेक्षा स्वस्तात सुटलो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, संध्याकाळी, मास्तर माझ्या दारात आले.

"साहेब, माजं चुकलंय," ते म्हणाले. "रिळावर तारंचे थर हायत. वरचा फेरा फूटभराचा, पर आतला त्येच्यापेक्षा बारीक. तार जास्त सोडली की मीटर जादा दाखवतंय. खोल पान्यात वीतभर तरी. मी काठावर तपासलं ते थोड्याच तारंवर. तीनदा सारखंच आलं. चूकबी तीनदा सारखी येती. हे मला म्हाईत न्हवतं."

मला राग आला. त्यांचा, तारेचा, स्वतःचा. कोणी विचारलं नसतं, कोणाला कळलं नसतं, आणि हा माणूस गिरणीतून थेट सायकल मारत ते सांगायला आला होता. "तुम्हाला हे आधी सुचायला नको का?" मी म्हणालो. "मी आता साहेबांना काय सांगू?"

"मी येतो संगं," ते म्हणाले. "मी सांगतो."

आणि ते खरंच आले. गिरणीत खाडा करून, इस्त्रीचा सदरा घालून. साहेबांच्या टेबलावर त्यांनी रीळ ठेवलं, तार उलगडून चूक दाखवली आणि उपायही सांगितला. तार रिळावरून सुटली की एका वेगळ्या चाकावरून जाईल, मीटर त्या चाकाला. चाकावर थर चढत नाहीत, त्याचा घेर कायम तोच. साहेबांनी तार स्वतः ओढून पाहिली. मग शिपायाला चहा सांगितला, तीन कप. मास्तरांनी खुर्चीच्या कडेवर बसून तो प्याला.

वर्षभराने मुंबईचं यंत्र आलं. आवाज तळापर्यंत पाठवून खोली कागदावर उमटवणारं. मास्तर ट्यूब न घेता होडीत बसले आणि यंत्राशेजारी आपली तार सोडत राहिले. फरक दोन बोटांचा. पण त्यांचं लक्ष तारेवर राहिलंच नाही. कागदावर सुई तलावाचा तळ काढत होती, मधेच जुन्या ओढ्याची घळ उमटली, आणि मास्तर नागूला म्हणाले, "हितनं ओढा जात हुता बग." दिवसभर ते खुशीत होते.

पुढे माझी मंगळवेढ्याला बदली झाली. मास्तर गिरणीतून निवृत्त झाले, दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, एका वर्षी ते आलं नाही. त्यांच्या मुलाने नंतर कळवलं.

मी तीस वर्षं याच कामात काढली. हाताखालचा कोणी खाली मान घालून "साहेब, माझं चुकलंय" म्हणत आला, की मी आधी त्याला बस म्हणतो आणि चहा सांगतो. बाकीचं नंतर. त्या संध्याकाळी मास्तर सगळा वेळ माझ्या दारात उभे होते, आणि मी त्यांना आत या म्हटलं नव्हतं.