दार काढ

मी आज टेबलखुर्चीवर बसून पगार घेतो तो आक्कामुळे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि निपाणीजवळच्या आमच्या गावात ती विड्या वळायला बसली. मला मात्र पदवी हातात येईपर्यंत तिनं सोडलं नाही. शाळेतून आलो की मला आतल्या खोलीत घालून ती बाहेरून कडी लावायची आणि मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यापाशी विड्या वळत बसायची. थोड्या वेळानं मी आतून म्हणायचो, "आक्का, दार काढ गं."

"धडा झाला काय रं?"

"झाला."

"मग म्हणून दाखव. हितनं ऐकू येतंय मला."

आमच्याकडे दार उघडत नाहीत, काढतात. ते शेजारच्या कानडीतून आलं असावं. घरात, शाळेत, बाजारात कुणी वेगळं म्हणत नव्हतं, त्यामुळे ते मला कधी खटकलं नाही.

पुढे शहरात, टिळकवाडीतल्या एका कार्यालयात मला काम मिळालं. व्हिडिओ गेममधला इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा. काम पसंत पडलं तर कायम करू, अशी बोली. पहिलाच गेम एका जुन्या विलायती गुन्हेकथेवरून केलेला होता. नदीकाठचा बंगला, मालकाचा खून आणि खुन्याला पाहिलेली मोलकरीण तळघरात कोंडलेली. खेळणाऱ्यानं मारामाऱ्या करत, किल्ली शोधत तिथवर पोचायचं. तळघरात पाणी चढत असतं आणि ती आतून ओरडते. इंग्रजी ओळ वाचली न वाचली तोच मी लिहून टाकलं, "दार काढ." आमच्या मॅडमनी ते तपासून पुण्याला चाचणीसाठी पाठवलं.

एका दुपारी तिथल्या तपासनिसाचा फोन आला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"ती दार काढ म्हणते. मी मघापासून काढतोय. बिजागऱ्यांवर कुऱ्हाड घातली, पहार घातली. निघत नाही, आणि ती दर वेळी बुडते."

किल्ली मिळाली नाही का, असं मॅडमनी विचारलं. किल्ली त्याच्याजवळच होती.

"मग उघड म्हणा की. दार काय दात आहे, काढायला?"

फोन ठेवल्यावर मॅडम म्हणाल्या की त्यांच्याही घरी असंच म्हणतात, म्हणून नजरेत आलं नाही. त्यांनी वरिष्ठांनाही तसंच कळवलं. पण तिकडून निरोप आला तो माझ्यासाठी होता: सगळा मजकूर पुन्हा तपासावा, आणखी असं काही निघालं तर दुसरा माणूस बघावा लागेल.

मग मी त्या बंगल्यात अडकलो. पडदे ओढलेल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून तोच जिना उतरायचा, तीच हाक ऐकायची. कुलूप घालतात की लावतात? दिवा घालवतात की मालवतात? ज्या शब्दांवर मी शिकलो त्यांतल्या एकाचाही भरवसा वाटेना. चहाला बाहेर पडलो तरी टपरीवाल्याशी बोलण्याआधी वाक्य मनात तपासून घ्यायचो. नोकरी गेली तर आक्काला काय सांगायचं, हे मात्र कुठल्याच भाषेत सुचत नव्हतं.

दुसरी चाचणी पार पडली. त्या संध्याकाळी मी आक्काला पत्र लिहिलं, कारण फोनवर ती "बरं हाय" म्हणते आणि फोन दुसऱ्याच्या हातात देते.

ती. आक्कास,

शि. सा. न.

नोकरी कायम झाली. एक शब्द बदलावा लागला, ते आल्यावर सांगेन. लहानपणी तू मला कोंडतेस असं वाटून राग यायचा. पण धडा झाला की मी खेळायला पळायचो आणि तू उंबऱ्यापाशी तिथंच असायचीस. आता बोरगावात सासरीही तू सूप घेऊनच बसतेस. तुझं दार कुणी काढलं नाही, हे मला इतक्या उशिरा दिसलं. इथं मी खोली घेतली आहे. दाजींशी मी बोलतो. तू चार दिवस ये, सूप तिथंच ठेवून ये. बेल वाजवू नको. नुसतं "दार काढ रं" म्हण.