गाडी डावीकडे ओढते

डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरला दोन नावं होती. एक घरच्यांनी ठेवलेलं आणि दुसरं स्टेअरिंगने दिलेलं. स्टेअरिंगचं चाक म्हणजे घड्याळाची तबकडी आणि ड्रायव्हरचे हात म्हणजे काटे असं धरायचं. मग जितके वाजले असतील ते त्याचं नाव. एक जण दोन्ही हात खाली लोंबकळत ठेवायचा, गाडी पोटानेच वळवतो की काय असं वाटायचं. तो साडेसहा. एक जण हात आडवे ताणून बसायचा, तो पावणेतीन. आणि एक जण उजवा कोपर खिडकीबाहेर टाकून डावा हात तेवढा चाकाच्या माथ्यावर ठेवायचा. तो बारा. याचे एक दिवस बारा वाजणार, ही थट्टा त्याने इतकी ऐकली होती की आता तो स्वतःच आधी म्हणून मोकळा व्हायचा.

दाजींचे मात्र कायम दहा वाजून दहा मिनिटं. डावा हात दहावर, उजवा दोनवर. दुकानात विकायला मांडलेली बंद घड्याळं दाखवतात ना, तीच वेळ.

दाजी सगळ्या डेपोचेच दाजी झाले होते, पण खरे दाजी एकाच माणसाचे. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याच गाडीवर कंडक्टर होता. तो नोकरीला चिकटला तोही दाजींच्या शब्दावर. घरी बायकोची बेल आणि गाडीत मेहुण्याची, दाजी सुटणार तरी कधी, असं लोक म्हणायचे. दाजी गालात हसायचे. गाडीत चढण्याआधी नळावर हात धुवायचे, घडी घातलेल्या फडक्याने बोटं एकेक करून पुसायचे आणि मगच चाकाला हात लावायचे. घरी खुर्चीत बसले तरी तळवे गुडघ्यांवर तसेच, बोटं किंचित वाकलेली.

एकदा घाट उतरताना गाडीचे ब्रेक गेले होते. गिअर उतरवत, गाडी डोंगराच्या अंगाला घासत दाजींनी ती उभी केली. मागे नुसता कल्लोळ चालला होता. मेहुण्याची नजर मात्र दाजींच्या हातांवर होती. दहा वाजून दहा मिनिटं. त्या दिवसापासून त्याने मनाशी ठरवून टाकलं की हे हात आहेत तोवर आपण गाडीत डोळे मिटून बसायचं. त्याच्याकडून चूक झाली असेल तर ती ही.

मग एका संध्याकाळी गाडी जमा करताना दाजी मेस्त्रीला म्हणाले, "गाडी डावीकडे ओढतेय."

मेस्त्रीने टायरची हवा पाहिली, चाकांची अलाइनमेंट पाहिली, गाडीखाली पाठीवर सरपटत जाऊन सगळे सांधे हलवून पाहिले. स्वतः चालवूनही पाहिली. सुतासारखी सरळ जात होती. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर मेस्त्रीने त्याची सालटी काढली असती. पण दाजींनी आजवर सांगितलेला बिघाड कधी खोटा ठरला नव्हता. ते ओढते म्हणाले म्हणजे ओढते, आपल्याला सापडत नाही हा आपला कमीपणा, असं म्हणून त्याने दाजींना दुसरी गाडी दिली. तीही डावीकडे ओढायला लागली. मग तिसरी. मेस्त्री जेवणखाण विसरून गाड्या उसवत बसला आणि डेपोतल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही की तिन्ही गाड्यांच्या चाकामागे माणूस एकच आहे.

ते प्रथम आलं मेहुण्याच्या डोक्यात, आणि आलं तसं त्याने ते झटकून टाकलं. तिकिटं फाडून झाली की तो पुढच्या सीटजवळ दांड्याला टेकून उभा राहायचा. तिथून त्याला दिसलं की दाजींचा डावा हात दहावर नाही, आठवर आहे. उकाडा असेल, वय झालं, असं त्याने स्वतःला समजावलं. थोड्या दिवसांनी हात सातच्याही खाली आला. उजवा हात होता तिथेच. दाजींच्या घड्याळात मिनिटं बरोबर होती आणि तास मागे मागे चालला होता.

मग सायकलवाला झाला. दुधाचे कॅन लावलेला एक म्हातारा सरळ रस्त्याच्या कडेने चालला होता. मेहुण्याला तो केव्हापासून दिसत होता. दाजींच्या गाडीचा डावा आरसा त्याच्या खांद्याला घासून गेला. म्हातारा पडला नाही, पण आरसा फुटला. दाजी खाली उतरले, त्याची माफी मागितली आणि परत चढताना खरोखरच चक्रावून म्हणाले की हा मध्येच कुठून उपटला. मेहुण्याने रस्त्यावरच्या काचा गोळा केल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो ताईकडे जेवायला गेला. दाजींनी भात संपवला आणि भाजी का वाढली नाही म्हणून विचारलं. भाजी ताटातच होती, डाव्या बाजूला, हातही न लावलेली. ताईने ताट अर्धं फिरवून ठेवलं. दाजी म्हणाले, "आत्ता वाढलीस होय." आणि जेवायला लागले.

स्वयंपाकघरात ताईने भावाला गाठलं. तिने सांगितलं की हे दाढीही अर्धीच करतात, डावा गाल तसाच ठेवतात, बोललं तर आरशाला दोष देतात. दाराच्या चौकटीला रोज डावा खांदा आपटतो. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणतात, मला घरात बसवून तुला काय मिळणार आहे.

"माझं ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "तू रोज मागे असतोस ना? मग बघत काय बसतोस नुसता?"

बोललो तर दाजींचं स्टेअरिंग सुटणार, आणि ते सुटलं की दाजींत उरणार काय? न बोललो तर मागे भरलेली गाडी आहे आणि डावीकडे दरी. दुसऱ्या दिवशी त्याने धीर करून दाजींना म्हटलं की एकदा तब्येत दाखवून येऊ. दाजी हसले आणि म्हणाले की दाखवायची तर गाडीची दाखव. पुढे म्हणाले, "तिकिटं फाडणाऱ्याला स्टेअरिंग कधीपासून कळायला लागलं?" थट्टाच होती, पण वर्मी लागली. मग तो मेस्त्रीकडे गेला. मेस्त्रीने ऐकून घेतलं आणि हात पुसत एवढंच म्हणाला, "तू त्यांचा मेहुणा म्हणून ऐकलं. बाहेर कुठे बोलू नकोस."

आणि त्याने दाजींना चौथी गाडी दिली.

ती घाट चढताना डोंगर उजवीकडे ठेवून चालली होती, आणि दरीकडचे दगडी कठडे फार जवळून जात होते. एका वळणावर पत्रा कठड्याला घासल्याचा लांबलचक आवाज आला. डाव्या खिडकीशी बसलेल्या बाईने मांडीवरचं मूल उचलून छातीशी घेतलं. दाजींनी मान वळवली नाही. आवाज त्यांना ऐकू आला होता, कारण ते म्हणाले, "बघ, ओढतेय."

घाटमाथ्यावर गाडी थांबते. लोक पाय मोकळे करतात, पाणी पितात. दाजी नळावर गेले. मेहुणा लांबून पाहत होता. त्यांनी उजवा हात धुतला, फडक्याने बोटं एकेक करून पुसली आणि ते परत फिरले. डावा हात कोरडाच होता.

लोक चढले. दाजी जागेवर बसले, इंजिन सुरू झालं. पुढे सगळा उतार. आता कंडक्टरने दोनदा बेल द्यायची आणि गाडी निघायची. कंडक्टरच्या हातात एवढंच असतं. चाक नाही, ब्रेक नाही, बेलची दोरी मात्र त्याची. दोन बेल मिळाल्याशिवाय दाजींनी उभ्या आयुष्यात गाडी हलवली नव्हती.

मेहुण्याने दोरी धरली आणि तसाच उभा राहिला.

इंजिन घरघरत होतं. कुणीतरी मागून म्हणालं की कंडक्टरला झोप लागली वाटतं. दाजींनी समोरच्या आरशात पाहिलं.

"दे की बेल."

"देत नाही, दाजी."

दाजींचा चेहरा आरशात लाल झाला. मेहुणा दोरी सोडून पुढे आला, त्यांच्या सीटशी वाकला आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डावा हात स्टेअरिंगवर ठेवा. मग देतो."

दाजी त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"ठेवलाय की," ते म्हणाले.

हात मांडीवर पडला होता. तळवा वर, बोटं किंचित वाकलेली.

मेहुण्याने पुढे हात घालून चावी फिरवली आणि काढून खिशात टाकली. इंजिन बंद पडल्यावर वारा ऐकू यायला लागला. मागून, खिडकीबाहेर कोपर टाकलेल्या बाराची गाडी आली तेव्हा मेहुण्याने लोकांना तिच्यात चढवलं. बारा उतरून आला, सवयीप्रमाणे आज कुणाचे वाजले म्हणून विचारणार होता, पण दाजींना मेहुण्याचा आधार घेत उतरताना पाहून त्याने तोंड मिटलं.

बाराच्या गाडीत मेहुण्याने दाजींना बसवलं आणि स्वतः त्यांच्या डाव्या अंगाला, खिडकीपाशी बसला. त्यांचा डावा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गरम होता, जड होता. समोर बाराने उजवा कोपर खिडकीतून आत घेतला, दोन्ही हात चाकावर ठेवले, डावा दहावर, उजवा दोनवर, आणि गाडी घाटाला लावली. चाक असं धरताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

पहिलं वळण गेलं.

"ही पण डावीकडे ओढतेय," दाजी हळूच म्हणाले. "मेस्त्रीला सांगायला हवं." मग ते अस्वस्थ झाले. पुढे वाकून त्यांनी बाराला विचारलं, "आमचा मेहुणा कुठाय? वरच राहिला की काय?"

मेहुण्याने तो हात आणखी घट्ट धरला.

"इथेच आहे, दाजी."

दाजींनी आवाज ओळखला. त्यांचा चेहरा निवळला, आणि त्याला पाहायला ते उजवीकडे वळले.